मोहाचे ‘विदेशी’ होणे

यावलच्या उत्तरेस सातपुड्यात पावरा, तडवी भिल्ल कुटुंबे मोहफुले वेचतात, वाळवतात, अडीनडीला खातात. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हे अन्नच संशयित ठरवले. फुले साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडले! लगेच एप्रिल २०२२मध्ये मंत्रिमंडळाने मोहाच्या मद्याला ‘देशी’तून काढून ‘विदेशी’ दर्जा दिला. झाड इथले, फूल इथले, आणि मद्य तेवढे विदेशी? भाषा शिकवणाऱ्या आम्हांला हा शब्द नुसता हास्यास्पद वाटत नाही. प्रतिष्ठा हवी तर परकेपणाचा शिक्का घ्या, असेच शासन त्यातून सांगते. शिवाय तो शिक्का परवानाधारकाच्या बाटलीवर बसणार. पाड्यावर मडक्यात गाळलेली मोहाची दारू मात्र आजही ‘हातभट्टी’, आणि गाळणारी बाई आरोपी.