दुकानात जागा निघते, पण कळते कोणाला?

अमरावतीच्या सिटीलँडमध्ये नाहीतर अकोल्याच्या गांधी रोडवर सेल्समनचं काम मागायला जा. बरेचदा पहिला प्रश्न शिक्षणाचा नसतोच. आडनाव काय, कोणाच्या ओळखीनं आलास?

डॉ. सुखदेव थोरात आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावांना बोलावणी कमी आली, हे २००७ साली छापून आलं. तिथं निदान अर्ज तरी होता! दुकानात जाहिरातही नसते. कामावरचा पोरगा मावसभावाला घेऊन येतो, जागा भरली. आधी जी जात आत शिरली, तीच आत वाढत जाते.

इथं आरक्षण नाही. २०१७ च्या दुकाने कायद्यानं तर दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं कामाचे तास, आठवडी सुट्टी या तरतुदींबाहेरच ठेवली.

आणि आपण? एमपीएससी करता करता काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोराला ‘टाइमपास करतो’ म्हणतो. अरे, आत गेलेला तोच तर आपला माणूस आहे. दुकानात जागा निघाली की त्यानं त्याच दिवशी वस्तीतल्या ग्रुपवर टाकावं, रविवारी विहारात सांगावं. स्वतःचा पगार मात्र बँकेतच मागावा. रोखीचा पुरावा राहत नाही.