कॅमेरा जुना झाला, हे ठरवलं कुणी?

परवा रविवारी सकाळी कपिलतीर्थ मंडईत उभा होतो. गळ्यात नेहमीचा कॅमेरा. कोथिंबिरीच्या पेंड्या मांडणाऱ्या मावशींचा फोटो काढला, तेवढ्यात शेजारच्या गाड्यावरचा पोरगा म्हणाला, "काका, अजून रीळ टाकता व्हय यात?"

म्हटलं, "नाही रे, डिजिटल आहे. २०११ सालचं मॉडेल."

त्यानं कॅमेरा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि परत देताना म्हणाला, "मग नवीन घ्या की. माझ्या मोबाईललाच पन्नास मेगापिक्सेल हाय."

मी हसलो आणि पुढे गेलो. पण त्या पोराला नीट उत्तर द्यायला हवं होतं, असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

कॅमेरा आहे फुजीफिल्म एक्स १००. सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात तो पहिल्यांदा दाखवला आणि मार्च २०११ मध्ये बाजारात आला. मी सहा वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून १८ हजारांना सेकंडहँड घेतला. त्याला नवीन घ्यायचा होता, मला एवढाच परवडत होता. सौदा झाला.

दिसायला तो जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासारखा. रेंजफाइंडर म्हणजे काय, तर ज्यात आपण लेन्समधून बघत नाही, कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघतो. त्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. लायका कंपनीचे असे कॅमेरे जगभर गाजले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे फोटो काढणारे आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायकावालेच. माझा एक्स १०० खरा रेंजफाइंडर नाही, कारण त्याचा फोकस ऑटो आहे. पण खिडकी तशीच, डाव्या कोपऱ्यात. म्हणून 'रेंजफाइंडर स्टाईल'.

आता यात मजा काय?

पहिली मजा ही खिडकी. आत डोळा लावला की स्क्रीन नाही, साधी काच. समोरचं जग जसंच्या तसं आणि त्यावर एक पांढरी चौकट. फोटोत काय येणार ते चौकटीच्या आत, पण चौकटीच्या बाहेरचंही दिसत राहतं. मंडईत डोक्यावर पाटी घेतलेला हमाल डावीकडून येतोय, हे तो फोटोत शिरायच्या आधीच मला दिसतं. मी थांबतो. तो आला की बटण दाबतो. आणि पाहिजे तर पुढची छोटी कळ ओढायची, की त्याच खिडकीत इलेक्ट्रॉनिक स्क्रीन येते.

दुसरी मजा हाताची. शटरची चकती वर, अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवर, उजेड कमी-जास्त करायची चकती अंगठ्याशी. कॅमेरा बंद असला तरी कुठलं काय लावलंय ते नुसतं बघून कळतं. मेनूत शिरायचं नाही. आणि शटरचा आवाज जवळजवळ नाहीच, लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर आहे. देवळात, शाळेत, कुणाच्या घरी, कुठंही माणूस दचकत नाही.

तिसरी, लेन्स एकच. २३ एमएम, एफ २. झूम नाही. जवळचा फोटो पाहिजे तर जवळ जायचं. जवळ गेलं की बोलावं लागतं. "काय मावशी, आज भाव काय?" इथून सुरुवात होते आणि फोटो नंतर होतो. मोबाईलवर लांबून झूम करून काढलेल्या फोटोत आणि यात हाच फरक आहे, मेगापिक्सेलचा नाही.

मेगापिक्सेलचं निघालंच आहे तर सांगतो. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा हिशोब करू. एक्स १०० चा फोटो ४२८८ बाय २८४८ ठिपक्यांचा, म्हणजे साधारण १ कोटी २२ लाख. घरातला फोरके टीव्ही ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. म्हणजे २०११ मध्ये आलेल्या कॅमेऱ्याचा फोटो आजच्या टीव्हीवर मावत नाही. प्रिंट काढायची तर इंचाला ३०० ठिपके धरून १४ बाय साडेनऊ इंच अगदी चोख येते. मी १२ बाय १८ पर्यंत काढल्यात, भिंतीवर लावल्यावर कुणी तक्रार केलेली नाही. आपल्यापैकी किती जण यापेक्षा मोठा फोटो छापतो? बहुतेक जण छापतच नाही.

मी छापतो. मंडईतल्या लोकांना पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन देतो. "फोटो काढतासा, पर देतासा कुठं?" हे एकदा ऐकल्यापासूनची सवय. गेल्या वर्षी त्यातली एक प्रिंट एका घरात फ्रेम होऊन भिंतीवर गेली, हारासकट. त्या माणसाचा एकट्याचा दुसरा फोटोच घरात नव्हता. तेव्हापासून एकही रविवार चुकवत नाही.

कौतुक पुरे, आता दोष. फोकस सावकाश होतो, संध्याकाळच्या उजेडात तर पुढे-मागे चाचपडतच बसतो. पळणाऱ्या पोरांचा फोटो काढायचा असेल तर मोबाईलच काढा. हातानं फोकस करायला गेलं तर लेन्सची कडी फिरवून फिरवून मनगट दुखतं. व्हिडिओ ७२०पी, सोडूनच द्या. बॅटरीच्या तीन रेघांवरून एकदम लाल दिवा लागतो, म्हणून खिशात दुसरी ठेवावी लागते. पावसाचं पाणी चालत नाही.

पण एक गोष्ट कंपनीच्या बाजूनं सांगितली पाहिजे. २०१३ मध्ये एक्स १०० एस हे पुढचं मॉडेल आल्यावरसुद्धा फुजीफिल्मनं जुन्या एक्स १०० साठी फर्मवेअर २.०० दिलं. त्यात फोकस सुधारला, हातानं फोकस करताना कडा उठून दिसायची सोय आली. फुकट. म्हणजे विकून झालेली वस्तूसुद्धा कंपनी मनात आणलं तर सुधारू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एक गाढवपणा केला. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवला आणि जून ते सप्टेंबर बघितलाच नाही. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. गणपतीत बाहेर काढला तर लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चूक शंभर टक्के माझी.

चार ठिकाणी विचारलं. दोघं म्हणाले नवीन घ्या, एक म्हणाला मुंबईला पाठवा. शेवटी जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात एक मामा सापडले. वय सत्तरीच्या आसपास, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. त्यांनी दिव्याखाली धरून बघितलं आणि म्हणाले, "सर, आदी ह्यो चामड्याचा डबा फेका. पावसाळ्यात चामडं म्हंजे बुरशीचं माहेरघर." बुरशी पुढच्या काचेपर्यंतच पोचली होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा मिळाला, ६०० रुपये. वर सल्ला: हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि "आठवड्यातनं एकदा तरी फोटो काढा, वापरातल्या वस्तूला बुरशी लागत न्हाई."

मामांच्या टेबलाखाली बंद कॅमेऱ्यांनी भरलेली दोन खोकी होती. विचारलं तर म्हणाले, "पार्ट कुठनं आणू? कंपन्या आमच्यासारख्याला देत न्हाईत. मेलेलं कॅमेरं घेऊन ठेवतो. त्यातलं काढायचं आन् ह्यात घालायचं." शिकायला कोण येतं का, तर "येत्यात की. आठ दिवस बसत्यात आन् मोबाईल रिपेरिंगला जात्यात. तिकडं रोजचा पैसा हाय. त्यांचं बी चुकत न्हाई."

त्याच महिन्यात माझा मोबाईल गेला. चार वर्षांचा, स्क्रीन ठणठणीत, फक्त बॅटरी फुगलेली. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. सर्व्हिस सेंटरवाला मुलगा नम्र होता. "सर, मॉडेल बंद झालंय, बॅटरी येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, ऑफर आहे." म्हणजे चार वर्षांचा फोन म्हातारा आणि त्याच्या तिप्पट वयाचा कॅमेरा तरणा! कारण काय? कॅमेऱ्याची बॅटरी खालचं झाकण उघडून मी स्वतः बदलतो, कार्ड बाजारात कुठंही मिळतं, आणि तो उघडू शकणारा एक माणूस गावात अजून आहे. फोनचं तसं काहीच नाही.

वस्तू जुनी होते ती कॅलेंडरनं नाही. तिचा पार्ट मिळायचा बंद होतो आणि ती उघडणारा माणूस संपतो, तेव्हा ती जुनी होते. आणि या दोन्ही गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत, देवानं नाही.

आता आपल्या गावाकडे या. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, रोज आपण त्याच्यावरून जातो. तो कशासाठी आहे हे आजच्या किती पोरांना माहीत आहे? बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच, कोल्हापुरात, स्वतः बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. पुढे १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. शंभर वर्षांपूर्वी विलायती यंत्र उघडून, समजून घेऊन, आपलं यंत्र उभं करणारं हे गाव. उद्यमनगरात आजही बंद पडलेल्या मशीनचा पार्ट नेऊन दाखवा, लेथवर तसाच करून देतात. आणि त्याच गावात चार वर्षांच्या फोनची बॅटरी मिळत नाही म्हणून आपण मुकाट नवीन घेतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि गाड्या अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पण पोर्टल म्हणजे माहिती एका जागी. पार्ट द्याच, अशी सक्ती नाही. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात कंपनीवर रिसायकलिंगची जबाबदारी आहे. चांगलंच आहे, पण ती वस्तू मेल्यानंतरची गोष्ट झाली. ती जगावी म्हणून काय? फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागले. आपल्याकडेही अशा निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीनं २०२५ मध्ये अहवाल दिलाय. तो कागदावर राहू नये.

माझ्या मते तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. एक, वस्तू विकायची बंद केल्यावरही ठरावीक वर्षं पार्ट आणि दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे, आणि ती बोळातल्या मामांनासुद्धा, फक्त कंपनीच्या सेंटरला नव्हे. दोन, गुण छापा. दुकानात वस्तू घेताना किंमतीच्या शेजारी दिसू देत. तीन, हे आपल्या हातातलं: आयटीआयमध्ये बारीक यंत्रांच्या दुरुस्तीचा छोटा कोर्स सुरू करा आणि मामांसारख्या माणसांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. आणखी दहा वर्षांनी बोलवायला कुणी असेलच असं नाही.

कुणी म्हणेल, सर, हे जुन्याचं खूळ आहे, इन्स्टावर फॅशन आहे. आहेच. याच कॅमेऱ्याचं २०२० चं मॉडेल, एक्स १०० व्ही, सोशल मीडियावर एवढं गाजलं की दुकानांत मिळेना. २०२४ चं नवं मॉडेल दीड लाखाच्या पुढं आहे. ते घ्या असं मी मुळीच म्हणत नाही, जुनाही विकत घ्या असं म्हणत नाही. तुमच्या कपाटात बघा. २००८ ते २०१४ च्या दरम्यान बऱ्याच घरांत एक डिजिटल कॅमेरा आलेला आहे, सहलीला नेलेला, बारशात फिरलेला. मोबाईल आला आणि तो साडीच्या खोक्याखाली गेला. तो काढा. बॅटरी चार्ज करा, फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, नवी आणा. रविवारी घेऊन बाहेर पडा, वीसच फोटो काढा आणि त्यातला एक छापून ज्याचा आहे त्याला द्या.

चालू झाला तर खाली कमेंटमध्ये फोटो टाका. नाही झाला तर तसं लिहा, मामांचा पत्ता त्यांना विचारून कळवतो. आणि तुमच्या भागात असा उघडून बघणारा माणूस कोण आहे, कॅमेरा, रेडिओ, घड्याळ, मिक्सर काहीही, तेही सांगा. त्यांची एक यादी करून ठेवू.

मंडईतल्या त्या पोराचा फोटो काढलाय. येत्या रविवारी प्रिंट नेऊन देणार आहे. उत्तर तेव्हा तोंडी देईन.