चाकांवरचं घर, बाहेर उणे तीस!

मुलांनो, आपल्या एका वाचक-मैत्रिणीनं पत्रासोबत एक फोटो पाठवलाय. तिचा मामा अमेरिकेत असतो, त्यानं काढलेला. सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ, आणि त्यात एक लांबलचक पेटीसारखं घर. घराला खिडक्या, दार, पायऱ्या आणि खाली चाकं! घराचा पुढचा भाग उंच उचललेला, आणि तो एका पिकअप गाडीच्या हौद्यात टेकवलेला. मैत्रीण विचारते, "यात माणसं हिवाळाभर खरंच राहतात का? गोठत नाहीत का?"

राहतात. पण कुठलंही चाकांचं घर घेऊन चालत नाही. घेताना नीट पारखून घ्यावं लागतं, नाहीतर जानेवारीच्या एका रात्रीत नळ फुटतात आणि घरातली लहान मुलं कुडकुडत बसतात. ही पारख कशी करायची, ते आज बघू. आई-बाबांनाही सोबत घ्या, कारण यातल्या एक-दोन गोष्टी आपल्या घरच्याही आहेत.

आधी नाव. या घराला तिकडे 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. पूर्वीच्या चार चाकी घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडी यांच्यामध्ये एक आडवं कडं बसवलेलं असायचं. चार चाकं रस्त्यावर, हे पाचवं आडवं! पुढे लांब ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकांनी तीच युक्ती उचलली. हायवेवर कंटेनर ओढणारा एखादा ट्रक मागचा डबा सोडून नुसताच उभा दिसला, तर त्याच्या पाठीकडे बघा. काळ्या ग्रीसनं माखलेली एक जाड गोल तबकडी दिसेल. तेच हे पाचवं चाक. ट्रेलरच्या पोटाखालचा लोखंडी खुंटा तिच्यात अडकतो. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी अशाच जोडणीचे 'एअरोकार' नावाचे राहायचे ट्रेलर बनवले होते. विमानं करणारा माणूस घराकडे वळला, गंमतच आहे ना?

आजचं फिफ्थ व्हील ९ ते १२ मीटर लांब असतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बैठक, आणि पिकअपवर टेकलेल्या उंच भागात झोपायची खोली. यात बाराही महिने कोण राहतं? निवृत्त झालेले आजी-आजोबा राहतात, आणि कामाच्या मागे फिरणारी माणसंही राहतात. नॉर्थ डाकोटा राज्यात विलिस्टन नावाचं गाव आहे. २००८ नंतरच्या काही वर्षांत तिथे तेलाच्या विहिरींचं काम इतकं वाढलं, की कामगारांना राहायला घरं पुरेनात. कित्येकांनी ट्रेलरमध्येच हिवाळे काढले. तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, बरं का! त्याच राज्याच्या पूर्वेला ऑक्टोबरमध्ये साखरेच्या बीटची काढणी असते. तिलाही माणसं आपापली चाकांची घरं घेऊन येतात. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबं आठवली का? साखरेसाठी घर हलवणारी माणसं तिकडेही आहेत.

आता पारख. दुकानात शिरलात की जवळजवळ प्रत्येक ट्रेलरवर 'फोर सीझन' असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे चारही ऋतूंत चालणारं. पण हे शब्द कधी लिहायचे, याचा कुठलाही सगळ्यांना बांधील असा नियम नाही! गॅस, वीज, आग यांच्या सुरक्षिततेचे नियम तिकडे आहेत. उबेचा मात्र प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. म्हणून पाटी वाचून भुलायचं नाही, वाकून पोटाखाली बघायचं.

हो, पोटाखालीच! कारण या घराचा सगळ्यात नाजूक भाग तोच. तिथे तीन टाक्या असतात: एक पिण्याच्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक संडासची. आणि त्यांना जोडणारे नळ. पाणी शून्य अंशाला गोठतं, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. तुम्ही करून बघा. प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत पाऊण बाटली पाणी भरा, पाण्याच्या पातळीवर पेनानं खूण करा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. (काचेची बाटली अजिबात नको, फुटेल.) सकाळी बर्फ खुणेच्या वर आलेला दिसेल. नळाला वर सरकायला जागा नसते, म्हणून तो फुटतो.

चांगल्या ट्रेलरचं पोट खालून पूर्ण बंद केलेलं असतं, आत उष्णता धरून ठेवणारा थर असतो, आणि घरातल्या गॅसच्या भट्टीतून गरम हवेची एक नळी त्या पोटात सोडलेली असते. विकत घेणाऱ्यानं विचारायचा प्रश्न हाच: "गरम हवा टाक्यांपर्यंत पोचते का? टाक्यांच्या झडपा आत आहेत की बाहेर उघड्यावर?" टाकी उबदार आणि झडप बाहेर, असं असेल तर झडपच गोठते आणि टाकी रिकामी करता येत नाही. पुढचं काय होतं ते सांगत नाही, जेवायची वेळ असेल!

इथे एक मजेदार फसगत आहे. पुष्कळ लोक गॅस वाचवायला घरात विजेचा हीटर लावतात. खोली छान गरम होते. मग भट्टीला वाटतं, घर तर गरम आहे, आपलं काम नाही. ती बंद राहते. भट्टी बंद म्हणजे पोटात जाणारी गरम हवाही बंद. माणसं उबेत गाढ झोपलेली, आणि खाली नळ गोठलेले! म्हणून कडाक्याच्या थंडीत भट्टी थोडी थोडी चालू ठेवावीच लागते. माझ्या मते ट्रेलर विकणाऱ्यानं ही एक गोष्ट गिऱ्हाइकाकडून पाठच करून घ्यावी.

आता भिंती. ऊब अडवायची ताकद तिकडे 'आर' या अंकानं मोजतात. आर जितका मोठा, तितकं स्वेटर जाड म्हणा ना. तिकडच्या पक्क्या घरांच्या भिंतींचा आर २०च्या आसपास असतो. ट्रेलरच्या भिंती दोन-तीन इंचच जाड, त्यामुळे बहुतेकांचा आर ७ ते ११ भरतो. म्हणजे कितीही महाग ट्रेलर घेतला तरी तो घराएवढा उबदार होणार नाही, हे आधीच मान्य करून टाकायचं. शिवाय भिंतीचा सांगाडा कशाचा, हेही पाहायचं. स्वयंपाकघरात जा. गरम वरणात स्टीलचा डाव आणि लाकडी पळी दोन्ही ठेवा, आणि थोड्या वेळानं दोन्हींच्या दांड्यांना जपून हात लावा. डाव चटका देतो, पळी देत नाही. धातूतून उष्णता पळते. ॲल्युमिनियममधून ती लाकडाच्या हजारपटीहूनही जास्त सहज जाते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा मजबूत आणि हलका असतो, पण त्या पट्ट्यांवर वेगळा थर नसेल तर प्रत्येक पट्टी घरातली ऊब बाहेर नेते. हिवाळ्याच्या सकाळी अशा भिंतीवर पट्ट्यांच्या जागी ओलसर रेघा उमटलेल्या दिसतात.

खिडक्या दुहेरी काचेच्या हव्यात. मध्ये अडकलेली हवा हीच त्यांची गोधडी. छतात १४ इंच चौरस झरोके असतात, त्यांतून ऊब निसटते. ते बुजवायला खास त्याच मापाच्या उश्या मिळतात. बटण दाबलं की बाहेर सरकणाऱ्या खोल्याही असतात. पाहायला झकास! पण त्यांच्या चारही कडांना रबरी पट्ट्या, आणि खालची फरशी पातळ, उघड्यावर लोंबणारी. थंडीसाठी घेत असाल तर अशा खोल्या जितक्या कमी तितकं बरं.

काही कंपन्या थंडीचा विचार मनापासून करतात. ऑरेगन राज्यातल्या ला ग्रँड गावची नॉर्थवुड ही त्यांपैकी एक. ती खालचा लोखंडी सांगाडासुद्धा स्वतःच बनवते, आणि तिच्या ट्रेलरचं नाव 'आर्क्टिक फॉक्स' म्हणजे ध्रुवीय कोल्हा! तरीही पोटाखाली वाकून बघणं चुकत नाही. ट्रेलर एका जागी उभा केल्यावर माणसं त्याच्याभोवती फळ्यांचं, जाड कापडाचं किंवा चक्क गवताच्या गठ्ठ्यांचं कुंपण करतात, म्हणजे बोचरा वारा खाली शिरत नाही.

आता आई-बाबांनी नीट ऐकायचा भाग. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचं मिश्रण असतं. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होऊ शकतं. म्हणून या ट्रेलरांत प्रोपेनच वापरतात. गॅस जळताना पाणीही तयार होतं, माहीत आहे? एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १ किलो ६०० ग्रॅम पाणी, वाफेच्या रूपात. भट्टीचा धूर नळीनं बाहेर जातो, पण शेगडीची वाफ घरातच राहते. त्यात माणसांचे श्वास, वाळत घातलेले कपडे. ही सगळी वाफ थंड भिंतीवर, कपाटात, गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसते आणि बुरशी धरते. म्हणून बाराही महिने राहणाऱ्यानं गादीखाली हवा खेळेल अशी जाळी आहे का ते बघायचं, आणि थंडी असली तरी वरचा एक झरोका बोटभर उघडा ठेवायचा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद जागेत गॅस नीट जळला नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. म्हणून ट्रेलरमध्ये हा वायू ओळखून किंचाळणारं यंत्र लागतंच, आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून कुणीही झोपत नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे असेच जीव गेले आहेत. तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर आहे का, खिडकी उघडी राहते का, ते आजच बघा. उद्या नको.

आता थोडं गणित. सामानासकट ६००० किलोचा ट्रेलर असेल, तर त्याच्या वजनाचा २० ते २५ टक्के भाग पिकअपच्या पाठीवर येतो. किती झाले? १२०० ते १५०० किलो! पिकअप किती भार पेलते ते तिच्या ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. बर्फाळ उतारावर ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा त्या पट्टीची किंमत कळते. विकणारा रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगतो, पण राहणाऱ्याचं घर रिकामं नसतं. पाण्याची ६० गॅलनची टाकी भरली की तिचेच २२७ किलो झाले. त्यात भांडी, पुस्तकं, रजया, आणि आजीचं लोणचं! आणि जुना ट्रेलर घेत असाल तर टायरची कड वाचायची. तिथे चार आकडे असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. घरच्या स्कूटरचा टायर किती जुना आहे, तेही असंच शोधता येतं.

शेवटी कागद. पुष्कळ कंपन्यांच्या हमीपत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे वाहन कायम राहण्यासाठी नाही, आणि तसं राहिलात तर हमी रद्द. काही मोजक्या कंपन्या बाराही महिने राहायची लेखी मुभा देतात. विकणाऱ्यानं तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. ते वाक्य कागदावर बोट ठेवून वाचायचं, मगच पैसे द्यायचे.

आता या आठवड्याचं कोडं. एका ट्रेलरची भट्टी सतत चालली तर तासाला पाऊण किलो प्रोपेन जाळते. सिलिंडर १३ किलो ५०० ग्रॅमचा आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्या घरच्याएवढा. कडक थंडीत भट्टी दर तासातली ३० मिनिटं चालते. तर ३० दिवसांना किती सिलिंडर लागतील? वहीत सोडवा, आणि तुमच्या घरी एक सिलिंडर किती दिवस पुरतो ते आईला विचारून उत्तरासोबत लिहून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात.