हुसेन एकटे नव्हते




‘देश सोडून गेलेल्या चित्रकाराचा एवढा कळवळा कशाला?’ असा सवाल करणारे पत्र वाचले. मकबूल फिदा हुसेन हौसेने गेले आणि कलावंतांनीही त्यांची बाजू घेतली नाही, ही त्यातली दोन्ही विधाने मुळातच चुकीची आहेत.

पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत वर आलेला हा माणूस नव्वदीत परदेशी गेला तो खटले आणि धमक्यांमुळे. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्दबातल ठरवले. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या ‘इंडिया आर्ट समिट’ने धास्तीपोटी त्यांची चित्रे वगळली. तेव्हा छायाचित्रकार आणि प्रदर्शन-संयोजक राम रहमान यांच्या ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेने रफी मार्गावरच्या विठ्ठलभाई पटेल हाऊसमध्ये हुसेनांच्या चित्रांच्या प्रतिकृती मांडल्या. २४ ऑगस्टला टोळक्याने येऊन मोडतोड केली. याला बाजू घेणे म्हणत नाहीत, तर काय म्हणतात?

आणि देश सोडावा लागलेल्या कलावंतांबाबत आपल्या मुंबईचा इतिहास तर मोठ्या मनाचा आहे. नाझींमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेल्या चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांना या शहराने थारा दिला. पुढे त्यांच्याच घरी आरा, रझा, हुसेन यांची चित्रकला बहरली.

हुसेन ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये वारले, त्यांचे दफनही इंग्लंडमध्येच झाले. ठाणे महापालिकेने कापूरबावडीच्या कलाभवनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे, अशी माझी जाहीर मागणी आहे.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)