उरलेल्या लोकरीची बाहुली

मैत्रिणींनो, स्वेटर विणून झाला की लोकरीचे दोन-चार गुंडे उरतातच. एवढ्याशा लोकरीत दुसरा स्वेटर होत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. मग ते गुंडे पलंगाखालच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि एखाद्या पावसाळ्यानंतर उघडून बघावं तर कसर लागलेली! यंदा ती पेटी वेळीच उघडा आणि घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या छोट्यासाठी बाहुली विणा. मुलगी असो की मुलगा, मऊ बाहुली काखेत मारून हिंडायला दोघांनाही सारखंच आवडतं.

मात्र सुया हातात घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. बाहुली कोणत्या वयाच्या मुलासाठी करायची आहे? १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. काही नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, पण एरवी दुकानातलं खेळणं कोणीतरी तपासून पाहिलेलं असावं, असा त्याचा अर्थ. आपण घरी केलेल्या बाहुलीवर कसला शिक्का? ती तपासायची आपणच. आणि तीन वर्षांखालचं मूल तर हाताला लागेल ते आधी तोंडात घालतं. म्हणून खाली दिलेली बाहुली अगदी लहानांचा विचार करूनच सांगितली आहे. दिसायला ती साधी आहे, पण तिच्यात सुटून येण्यासारखं काही नाही.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर चार रंगांत, सगळी मिळून २५ ते ३० ग्रॅम, १० नंबरच्या सुया, लोकर शिवायची बोथट सुई, भरायला धुऊन वाळवलेला कृत्रिम कापूस, जुन्या मलमलीचा किंवा धोतराचा एक तुकडा.

लोकर ॲक्रिलिकची असली तर उत्तम. ती धुवायला सोपी, लवकर वाळते आणि तिला कसर लागत नाही. केसाळ लोकर मात्र घेऊ नये, तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. लाल, जांभळा असे गडद रंग वापरण्यापूर्वी लोकरीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर तो गुंडा बाजूला ठेवा.

कृती : पायजम्याच्या रंगाने ४० टाके घालावे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा २४ ओळी विणाव्या. मग सदऱ्याच्या रंगाने १८ ओळी, चेहऱ्याच्या रंगाने १६ ओळी आणि शेवटी टोपीच्या रंगाने १४ ओळी. टाके बंद करू नयेत. लोकर हातभर लांब ठेवून कापावी, सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढावी, घट्ट ओढून दोनदा गाठ मारावी. झाला बाहुलीचा शेंडा. वीण घट्टच हवी. सैल विणलं तर भरलेला कापूस भोकांतून डोकावू लागतो.

आता उलट्या बाजूने पाठीची शिवण घालून घ्या आणि पिशवी सुलटी करा. मलमलीच्या तुकड्याची याच मापाची पिशवी शिवून आत घाला आणि तिच्यात कापूस भरा. या आतल्या पिशवीचा कंटाळा करू नका. पुढेमागे एखादा टाका निसटला तरी कापूस बाहेर येत नाही तो तिच्यामुळेच. भरताना कापूस चांगला पिंजून, थोडा थोडा घालावा. साबुदाणा, मोहरी, थर्मोकोलचे मणी यांतलं काही आत घालू नये. आधी मलमलीची पिशवी शिवून बंद करावी, मग लोकरीची खालची कड सपाट शिवून टाकावी.

सदरा जिथे संपतो त्या ओळीतून धावदोरा घालून हलकेच ओढा, की मान तयार. पायजम्याच्या मधोमध खालून वर, पुढून मागे आरपार टाके घालत १८ ओळींपर्यंत गेलं की दोन पाय होतात. सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना तसेच तिरके टाके घातले की हात. सगळे दोरे गाठ मारून आत ओढून घ्या, एकही टोक लोंबतं ठेवू नका. वीतभर उंचीची बाहुली तुमच्या हातात असेल.

चेहरा भरतकामाने करावा. डोळ्यांना काळ्या धाग्याचे चार-चार टाके एकावर एक, तोंडाला लाल साखळी टाका, बस्स! शिवणाच्या डब्यातलं चमकदार काळं बटण खुणावेल, पण इथे हात आवरायचा. लहानांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला एक छोटी नळी वापरतात. तिचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. खेळण्यातून सुटून त्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, तेसुद्धा तिच्यात आरामात मावतं. मग बटणं, टिकल्या, मणी आणि घुंगरू यांची काय कथा! तेव्हा ‘घट्ट शिवलंय, निघणार नाही’ या भरवशावर राहू नका. दात येणारं बाळ दिवसभर चावत बसतं, आणि त्यापुढे दोरा किती टिकणार?

बाहुलीला केसांऐवजी टोपी का दिली, असं तुम्ही विचाराल. लोकरीचे लांब केस किंवा वेटोळी बाळाच्या बोटाला गुंडाळली जातात आणि बोट आवळलं जातं. केस हवेतच तर टोपीच्या कडेशी कपाळावर दोन-चार टाके भरून दाखवावे. टांगायला दोरी, गळ्यात रिबीन यांनाही फाटा द्यावा. आणखी एक. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपताना ही बाहुली पाळण्यात ठेवू नये. मऊ वस्तू तोंडावर आली तर ती बाजूला सारण्याइतकं बळ त्याला नसतं. खेळ जागेपणी, तोही आपल्या नजरेसमोर.

घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर बाहुलीचा संसारही मांडता येईल. तिच्यासाठी शाल करा : ३ टाके घालावे, सगळ्या ओळी सुलट विणाव्या, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवावा आणि ६१ टाके झाले की सैलसर बंद करावे. तिकोनी शाल तयार. जुन्या साडीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घातला की गोधडी झाली. हे काम मुलांनाच द्या, बोथट सुई आणि जाड दोरा घेऊन त्यांना छान जमतं. सहा रिकाम्या काडेपेट्या तीन-तीनच्या दोन रांगांत चिकटवल्या की सहा खणांचं कपाट होतं. पेट्यांच्या घासायच्या बाजू मात्र कागद चिकटवून पूर्ण झाका. खणांना मुठी म्हणून इथे बटणं लावायला हरकत नाही, पण घरात धाकटं भावंड रांगत असेल तर हे कपाट उंचावर ठेवलेलं बरं. मोठ्याचं खेळणं धाकट्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

शेवटी, बाहुली मुलाच्या हाती देण्यापूर्वी तिचे हात, पाय आणि टोपीचा शेंडा दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा. एखादी शिवण उसवली तर ती आपल्या हातात उसवलेली बरी! पंधरा दिवसांतून एकदा बाहुली कोमट साबणपाण्यात धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवी पसरून वाळवा. पावसाळ्यात आतून पूर्ण वाळल्याशिवाय परत देऊ नका, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. प्रत्येक वेळी धुताना शिवणींवरून बोट फिरवा. सैल टाका दिसला तर तिथल्या तिथे आवळा, आणि वीण विरली असेल तर खुशाल नवी बाहुली विणायला घ्या. पेटीत अजून लोकर असेलच की!