देखावा नव्हे, शेत आहे ते!

दिवाळीचा फराळ एकदा पोटात गेला, की शहरातल्या मंडळींना डोंगरांची ओढ लागते. चकल्यांचे डबे भरले जातात, मुले मागच्या बैठकीवर कोंबली जातात आणि मोटार घाटाच्या दिशेने सुटते. यात वाईट काही नाही. वर्षभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने चार दिवस मोकळा वारा प्यावा, याला कोण हरकत घेईल? माझे भांडण आहे ते एका शब्दाशी आणि त्या शब्दातून उपजणाऱ्या वागणुकीशी. तो शब्द म्हणजे ‘देखावा’. मोटारीची काच खाली होते, एक हात बाहेर येतो, आणि ‘अहाहा, काय देखावा आहे!’ असा उद्गार निघतो. पुष्कळदा त्याच हातातून थोड्या वेळाने वेफर्सची रिकामी पिशवीही सुटते.

कराड-चिपळूण रस्त्याच्या कडेला असलेल्या एका शाळेत मी मास्तर आहे. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम मागे टाकला, की हा रस्ता कोयनेचे बोट धरून पश्चिमेला निघतो. मल्हारपेठेपर्यंत ऊस, सोयाबीन, भुईमूग अशी ऐसपैस शेते. पाटण ओलांडले, की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, दरी आवळत जाते, भाताची खाचरे लागतात आणि उतारावर नाचणी-वरीचे तुकडे दिसू लागतात. मग हेळवाक, कोयनानगर. आणि कुंभार्लीचा घाट उतरला की पोफळी, अलोरे, चिपळूण. सगळा मिळून शंभरेक किलोमीटरांचा पल्ला. पण एवढ्यात पाऊस असा पालटतो, की कराडला वर्षात जेवढा पडतो त्याच्या सहा-सात पट कोयनानगरला कोसळतो. पावसाबरोबर पीक पालटते, घराचे छप्पर पालटते, भाकरीचा रंगही पालटतो. रस्ता देखणा आहे. ते मी कशाला नाकारू? 2012 साली युनेस्कोने सह्याद्रीचे जे भाग जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत कोयनेचे अभयारण्य आहेच.

पण रस्त्यावरून जे दिसते ते सगळे काही अभयारण्य नव्हे. डोंगराच्या पोटाला एकाखाली एक अशा ज्या हिरव्या पायऱ्या दिसतात, त्या निसर्गाने कोरलेल्या नाहीत. कुणाच्या तरी पणजोबाने दगडावर दगड रचून ताल घातली, वरून वाहून येणारी माती तिच्यामागे अडवली, तेव्हा कुठे हातरुमालाएवढे खाचर तयार झाले. दर पावसाळ्यात ती ताल कुठेतरी ढासळते आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा रचावी लागते. उन्हाळ्यातच शेणगोवर आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा. मृगात त्यावर बी टाकायचे. तरवा वीतभर झाला की तो उपटून, मुठी बांधून, गुडघाभर चिखलात लावायचा. ही लावण एकट्या घराच्या आवाक्यातली नसते. आज तुझ्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तू, असा पैरा करून गाव ती उरकते. दिवसभर कमरेत वाकलेल्या बायकांच्या डोक्यावर पूर्वी इरली असत, आता प्लॅस्टिकचे कागद असतात, एवढाच काय तो फरक. श्रावणात मोटारीतून जो ‘हिरवागार गालिचा’ दिसतो, तो असा विणलेला असतो. गालिचा विणणाऱ्याच्या घरात शिरून आपण त्याच्यावर चपलांसकट नाचलो, तर तो आपल्याला काय म्हणेल?

आमच्या लेखनाच्या धंद्यातली मंडळी या खोडीला जबाबदार आहेत. कथानायकाचे मन उदास झाले, की त्याला घाटमाथ्यावर नेऊन उभा करायचा. धुके घालायचे, दूरवर एखादी पाऊलवाट घालायची, आणि त्या पाऊलवाटेवरून डोक्यावर भारा घेऊन येणारी बाई मात्र वगळायची, कारण ती आली तर नायकाचे औदासीन्य पोरकट दिसू लागते! माझ्या एका कादंबरीच्या वेळी प्रकाशकांनी मला प्रेमाने सुचवले, ‘मास्तर, जरा निसर्गवर्णन वाढवा, आणि त्या तरव्याच्या भानगडी कमी करा.’ मी वाढवले नाही. कादंबरीही खपली नाही. असो.

शब्द चुकला म्हणजे वागणूक चुकते, ती कशी, ते सांगतो. देखाव्याला मालक नसतो. म्हणून मोटार कडेला लावून मंडळी खुशाल बांधावर चढतात, खाचरात उतरून फोटो काढतात, आणि तुडवलेल्या रोपांकडे त्यांचे लक्षही जात नाही. देखाव्यावर कुणी अनवाणी चालत नसते. म्हणून कार्तिकातल्या सहलीत फेकलेली बाटली फुटून चिखलात रुतते आणि आषाढात लावणीच्या वेळी सापडते. हाताला नव्हे, टाचेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई अशीच पंधरा दिवस घरी बसली होती. पंधरा दिवस म्हणजे त्या घराचा सगळा पैरा बुडाला. बाटली कुणाची, ते कोण सांगणार? ती ज्याची होती तो गृहस्थ त्या संध्याकाळी घरी पोचून ‘काय सुंदर सहल झाली’ असेच म्हणाला असेल.

देखावा मरतही नाही. 2021 च्या जुलैत, 22 तारखेच्या आसपास, पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगराचे कडे कोसळले. झोपलेली घरेच्या घरे चिखलाखाली गेली, माणसे गेली. त्याच पावसाने घाटाखाली चिपळूण बुडवले. आणि पुढच्याच पावसाळ्यात याच रस्त्याच्या कडेला गाड्या लावून मंडळी ओल्या डोंगरांचे आणि धबधब्यांचे फोटो घेत होती. ज्या पाण्याचे फोटो निघत होते, त्या पाण्याच्या आवाजाने रात्री दचकून उठणारी माणसे त्या डोंगरांच्या पायथ्याशीच राहतात. कोयनेच्या शिवसागराचीही तीच गोष्ट. काय निळे पाणी आहे! पण त्या पाण्याखाली गावे आहेत, खळी आहेत, देवळांची जोती आहेत. आणि ती सोडून गेलेल्यांच्या घरांत पुनर्वसनाचा प्रश्न तिसऱ्या पिढीतही निघतो.

माझे एक शहरातले स्नेही आहेत. मी हे बोलू लागलो, की ते म्हणतात, ‘मास्तर, अहो, आम्ही आलो म्हणून तुमच्याकडे पैसा येतो.’ येतो, अगदी खरे आहे. घाटातल्या चहावाल्याकडे येतो, कणसे भाजणाऱ्या म्हातारीकडे येतो, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे घेऊन बसणाऱ्या पोरींकडे येतो, आणि त्यांनी तो घ्यावा. पण ज्याच्या भाताकडे पाहून तुमचे मन निवते, त्याला पाहण्याची पै मिळत नाही. ती तो मागतही नाही. निदान तुडवू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. हे लोक रस्त्यावर भात वाळत घालतात, नाचणीची कणसे पसरतात. हा महामार्ग आहे की अंगण? दाण्यांवरून दुचाकी घसरते आणि माणसाचा हातपाय मोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे रस्त्यावर वाळवण घालू नये, हेच बरोबर. आणि मी ते गावात बोलून शिव्याही खाल्ल्या आहेत. पण त्यामागचा हिशेबही ऐका. डोंगरात सपाट जागा सोन्याच्या मोलाची असते. होती नव्हती ती रस्त्याने घेतली. रस्ता रुंद झाला तेव्हा कुणाचे खळे गेले, कुणाचा गोठा गेला, कडेची सावली गेली. ज्याचे खळे रस्त्याखाली गेले, त्याने भात कुठे वाळवावे, हे त्याला कुणी सांगितलेले नाही. गावोगाव सामाईक खळी बांधून दिली असती तर सिमेंटच्या त्या खर्चात ती दिसलीही नसती. रस्ता मोजणाऱ्यांच्या वहीत खळ्याचा रकानाच नव्हता, त्याला मी काय करू?

‘पण महामार्ग राष्ट्राचा आहे,’ असे कुणी मला ठणकावून सांगतो. बरोबर. त्याला 166-ई असा राष्ट्रीय क्रमांकही आहे. मी एवढेच विचारतो, की राष्ट्र म्हणजे काय फक्त मोटारीत बसलेले लोक? डोक्यावर वैरण घेऊन कडेने चालणारी बाई राष्ट्रात मोडत नाही? माझ्या शाळेतली मुले पावसात, दप्तर पोटाशी धरून, याच रस्त्याच्या कडेने येतात. त्यांच्यासाठी वीतभर पायवाट रस्त्याने ठेवलेली नाही. मोटार शेजारून सुसाट गेली, की चिखलाचा फवारा त्यांच्या अंगावर येतो. आणि फवाऱ्यावरच भागले तर त्या दिवशी आम्ही मास्तर देवाचे आभार मानतो. दिवाळीत शाळा बंद, म्हणून मुले रस्त्यावर नसतील, असे समजू नका. शाळा बंद म्हणजे मुले गुरांमागे! तिन्हीसांजेला गुरे परततात तेव्हा वळणापलीकडे एखादी म्हैस आणि तिच्यामागे आठ वर्षांचे पोर असणार, हे धरूनच गाडी हाकावी.

याच दिवसांत कराडच्या बाजूला उसाचे हंगाम सुरू होतात. बीडकडची तोडणी कामगारांची बैलगाडी अंधारात पुढे चाललेली असते. तिला मागे दिवा असेलच असे नाही. कुंभार्लीत वर चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हा मोटारीच्या नियमांतलाच नियम आहे. भरलेला ट्रक चढणीवर एकदा थांबला की पुन्हा हलताना कसा कण्हतो, ते ज्याने ऐकले असेल त्याला तो नियम पाठ करावा लागत नाही. पण उतरणारी मोटार भोंगा वाजवत त्याच्या अंगावर जाते. घाई कसली? तर पुढचा देखावा गाठायचा आहे!

या, जरूर या. तुम्ही याल तेव्हा कापणी उरकत आली असेल आणि खळ्यांवर मळणी चालू असेल. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावा आणि बांधावरूनच हाक मारा. ‘या की, पाव्हनं’ असे उत्तर आले तरच खाली उतरा. ताक मिळेल, नव्या तांदळाचा वासही मिळेल. मात्र खळ्यावर पाऊल ठेवण्याआधी पायातले काढावे लागते. तुमचे बूट बंदांचे असतील तर जरा वेळ लागेल. तोवर मळणारी माणसे थांबतील.