सही करण्याआधी

मुंबईत प्लेगने थैमान घातले होते, तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात आजार बराच कमी दिसला. पुढे ही लस असंख्य लोकांना मिळाली. कैद्यांची नोंद स्वयंसेवक म्हणून झाली खरी, पण गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? त्यांचे ऋण मानताना हा प्रश्न विसरता येत नाही. २०२० मध्ये केईएम आणि नायर रुग्णालयांत कोविशिल्ड या कोविडच्या लसीच्या चाचणीसाठी मुंबईकर पुढे आले, तोवर काळ बदलला होता: नीतिसमितीची मंजुरी, समजेल अशा भाषेतले संमतिपत्र, कारण न देता कधीही बाहेर पडण्याची मुभा. औषध चाचण्यांबाबतच्या २०१९च्या नियमांत चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचारांची आणि भरपाईची तरतूद आहे. तरीही चाचणीत भाग घेताना घाईने सही करू नये. संमतिपत्र घरी न्यावे, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवावे, मनातल्या शंका विचाराव्यात आणि पटले तर जरूर नाव नोंदवावे.